टेस्ट लाल पण पॉड हिरवे: क्यूए एन्व्हायर्नमेंटची तब्येत तपासायची कुठे?

रात्रीची_बिल्ड

मंडळी नमस्कार. क्यूए (टेस्टिंगचं) एन्व्हायर्नमेंट कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणारी प्रणाली) आहे. २० स्प्रिंग बूट (जावा) सर्व्हिसेस (प्रत्येकी एक पॉड, म्हणजे कंटेनर चालवायचं एकक), सगळ्यांना मिळून एक पोस्टग्रेस डेटाबेस, सर्व्हिसेसमध्ये मेसेज पोचवणारा काफ्का, पेमेंट गेटवेच्या जागी वायरमॉक (ठरवून दिलेली नकली उत्तरं देणारा सर्व्हर) आणि यूआय टेस्टसाठी ब्राउझर चालवणारा सेलेनियम ग्रिड ४. रिग्रेशन (जुनं काही बिघडलं का ते पाहणाऱ्या टेस्ट) रात्री चालतं. सकाळी रिपोर्टमध्ये ढिगाने टेस्ट लाल असतात आणि त्यातले खरे बग वेगळे काढण्यातच दुपार होते. प्रोमिथियस (मेट्रिक गोळा करणारा), ग्राफाना (डॅशबोर्ड दाखवणारा) आहेत. डॅशबोर्डवर सगळे पॉड हिरवे, स्प्रिंग बूटच्या ॲक्च्युएटरचा हेल्थ एंडपॉइंट 'अप', आणि तरी लॉगिनला ५०० (सर्व्हरमधली चूक) नाहीतर पेमेंटला ४०४ (सापडलं नाही). नेमकं काय तपासायचं, कुठे लावायचं, अलर्ट कोणाला जायला हवा? लॉगिनची तपासणी लाइव्हनेस प्रोबमध्येच टाकावी, असाही विचार चालू आहे.

पाइपलाइन_पाहणारा

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो: ते करू नका. लाइव्हनेस प्रोब फक्त एवढंच विचारतो की कंटेनर मारून पुन्हा सुरू केला तर दुखणं बरं होईल का. डेटाबेस सुस्त असेल तर पॉड मारून काय होणार? कुबरनेटिसची डिफॉल्ट मूल्यं बघा: दर १० सेकंदांनी प्रोब, १ सेकंदाचा टाइमआउट, सलग ३ वेळा फेल झाला की रीस्टार्ट. म्हणजे पोस्टग्रेस अर्धा मिनिट अडखळला की वीसच्या वीस पॉड रीस्टार्ट होणार आणि उठल्याउठल्या सगळे एकाच वेळी कनेक्शन मागणार. स्प्रिंग बूटमध्ये २.३ पासून लाइव्हनेस आणि रेडिनेसचे (पॉड रिक्वेस्ट घ्यायला तयार आहे का) वेगळे गट आहेत, आणि लाइव्हनेसमध्ये डेटाबेस मुद्दामच धरलेला नाही. तो तसाच राहू द्या.

तपासणी बाहेरून करा, खऱ्या युजरच्या वाटेने. एक छोटी स्क्रिप्ट पुरते: राखीव टेस्ट युजरने लॉगिन, एक ऑर्डर, वायरमॉकमार्फत पेमेंट, काफ्कावरचा मेसेज पुढच्या सर्व्हिसने उचलून ऑर्डरचं स्टेटस बदललं का ते पाहणं, आणि शेवटी ती ऑर्डर पुसणं. हे सगळं दीड मिनिटात बसवा. प्रत्येक पायरीचा निकाल आणि लागलेला वेळ वेगळा मेट्रिक म्हणून प्रोमिथियसला द्या, म्हणजे 'एन्व्हायर्नमेंट खराब' एवढंच न कळता 'काफ्काच्या पायरीवर अडलं' हेही कळतं.

रिग्रेशन सुरू होण्याआधी ही स्क्रिप्ट चालवा. ती फेल झाली तर टेस्ट चालवूच नका, आणि त्या बिल्डला 'फेल' हा निकालही देऊ नका. बिल्ड चालवणाऱ्या जेनकिन्समध्ये 'नॉट बिल्ट' हा वेगळा निकाल देता येतो, तो वापरा. सगळ्या खटाटोपात ही वेगळी नोंदच मला सर्वात मोलाची वाटते. लाल रंग फक्त कोडसाठी राखून ठेवला नाही तर टीम लाल रंगाकडे बघायचंच सोडून देते, आणि मग खरा बगही त्यात निसटतो.

रन चालू असतानाही स्क्रिप्ट दर ५ मिनिटांनी चालू ठेवा. पहाटे २:१० ला तपासणी पडली आणि २:२५ ला परत पास झाली, तर त्या पट्ट्यात फेल झालेल्या टेस्टच पुन्हा चालवायच्या. पट्टा धरताना २:१० च्या आधीची पास तपासणी कधीची होती तिथपासून धरा, कारण बिघाड त्या दोनमध्ये कधीही झालेला असू शकतो.

टेबल_आणि_इंडेक्स

वरचं सगळं पटलं. फक्त लॉगिनच्या ५०० चं मूळ बहुधा पोस्टग्रेसच्या कनेक्शनमध्ये असेल. हिशोब करून बघा. स्प्रिंग बूटमधला हिकारी पूल (डेटाबेस कनेक्शनचा साठा) डिफॉल्टने १० कनेक्शन उघडतो आणि रिकामी असली तरी धरून ठेवतो. २० सर्व्हिसेस म्हणजे २००. पोस्टग्रेसची डिफॉल्ट मर्यादा १००, त्यातली ३ सुपरयुजरसाठी राखीव. ती कोणीतरी २५० केलेली असेल, म्हणून एरवी भागतं. पण रोलिंग अपडेटमध्ये (सर्व्हिस बंद न करता नवी आवृत्ती चढवताना) एकच पॉड असलेल्या सर्व्हिसचा नवा पॉड आधी उठतो आणि जुना नंतर जातो. संध्याकाळी सगळ्या सर्व्हिसेस एकदम डिप्लॉय केल्या तर क्षणभर ४०० ची मागणी होते. ज्यांना कनेक्शन मिळालं ते 'अप' म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. टेस्टमध्ये पूल ३-४ वर आणा.

दुसरं म्हणजे 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'. कोणीतरी क्लायंटमध्ये 'बिगिन' करून टेबलवर एक सिलेक्ट चालवतो आणि घरी जातो. त्या टेबलवर त्याचं हलकं लॉक राहतं. रात्री फ्लायवे या टूलचं मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतला बदल) त्याच टेबलवर 'ऑल्टर टेबल' मागतं आणि थांबून राहतं. मग त्याच्या मागे आलेले साधे सिलेक्टसुद्धा रांगेत अडकतात. सीपीयू शांत, डिस्क शांत, पॉड हिरवे, आणि लॉगिन टाइमआउट! असं रिकामं पडलेलं ट्रान्झॅक्शन तोडणारा टाइमआउट पोस्टग्रेसमध्ये डिफॉल्टने बंद असतो. क्यूएमध्ये तो ५ मिनिटांवर लावा, आणि मायग्रेशनच्या सेशनला १० सेकंदांचा लॉक टाइमआउट द्या.

काफ्काला डेबेझियमने (डेटाबेसमधले बदल पुढे पाठवणारं टूल) डेटा जात असेल तर रेप्लिकेशन स्लॉटही (वाचणारा कुठवर पोचला याची पोस्टग्रेसमधली खूण) बघा. वापरात नसलेला स्लॉट उरला तर पोस्टग्रेस त्याच्यासाठी वॉल फाइल्स (बदलांच्या नोंदी) साठवत राहतो, डिस्क भरेपर्यंत. पोस्टग्रेस १३ पासून पुढे त्यावर मर्यादा घालता येते, पण डिफॉल्टला मर्यादा नाही.

ब्राउझर_ग्रिड

पेमेंटच्या ४०४ बद्दल: वायरमॉकला न जुळणारी रिक्वेस्ट आली की तो ४०४ च देतो. ॲडमिन एपीआयमधून टाकलेली मॅपिंग्ज (कोणत्या रिक्वेस्टला कोणतं उत्तर द्यायचं ते नियम) मेमरीत असतात, पर्सिस्टंट केली नाहीत तर पॉड रीस्टार्ट झाल्यावर जातात. पॉड चालू, मॅपिंग शून्य. म्हणून पोर्ट उघडं आहे का, यापेक्षा मॅपिंग्जची संख्या अपेक्षेएवढी आहे का ते तपासा. न जुळलेल्या रिक्वेस्टची यादीही ॲडमिन एपीआय देतो, ती रिपोर्टला जोडा. रिक्वेस्ट जर्नललाही (आलेल्या रिक्वेस्टच्या नोंदवहीला) डिफॉल्टने मर्यादा नसते, त्यामुळे आठवडाभर चालणाऱ्या पॉडची मेमरी भरत जाते. हजार नोंदींची मर्यादा घाला.

सेलेनियम ग्रिडचं नुसतं स्टेटस विचारून भागत नाही. खरं सेशन उघडा, लॉगिन पेज लोड करा, बंद करा. टेस्ट मध्येच मेली आणि 'क्विट' झालं नाही तर तो स्लॉट ३०० सेकंद अडून राहतो. नव्या सेशनची विनंतीही डिफॉल्टने ३०० सेकंद रांगेत थांबते. क्रोमचे टॅब मध्येच क्रॅश होत असतील तर शेअर्ड मेमरी बघा. कंटेनरला ती ६४ एमबीच मिळते. कुबरनेटिसमध्ये मेमरीवरचं एम्प्टी-डिर (तात्पुरतं) व्हॉल्यूम तिथे माउंट करून २ जीबी द्या, आणि पॉडच्या मेमरी लिमिटमध्ये तेवढी वाढ धरा.

रात्रीची_बिल्ड

सर्वांचे आभार. पूल आणि मॅपिंग्जची तपासणी आधी लावतो. अलर्टचं राहिलं. खर्च वाचवण्यासाठी सर्व क्लस्टर रात्री १ नंतर बंद होतात आणि सकाळी ७ ला उठतात, रिग्रेशन १ च्या आधी संपतं. त्या वेळेत अलर्ट नकोत.

पाइपलाइन_पाहणारा

मग वर दिलेल्या पहाटेच्या वेळा फक्त उदाहरण समजा. अलर्टमॅनेजरमध्ये (प्रोमिथियसचे अलर्ट पाठवणारा) म्यूटसाठी टाइम इंटरव्हल आहेत, पण लोकेशन दिलं नाही तर वेळ यूटीसी धरली जाते. रात्री १ ते ७ असं लिहिलंत तर आपल्याकडे सकाळी ६:३० ते दुपारी १२:३० अलर्ट बंद राहतील, म्हणजे नेमके कामाच्या वेळी. लोकेशन 'एशिया/कोलकाता' द्या आणि म्यूट ७:१५ पर्यंत ठेवा, जावाच्या सर्व्हिसेस उठायला वेळ घेतात.

तपासणी सलग दोनदा पडली तरच अलर्ट पाठवा, आणि तो सगळ्या क्यूए ग्रुपला न पाठवता त्या आठवड्याच्या एका ठरलेल्या माणसाला पाठवा. मेसेजमध्ये पडलेली पायरी, शेवटची पास वेळ आणि त्या दरम्यान झालेली डिप्लॉयमेंट एवढं हवंच. सर्टिफिकेट संपण्याचा अलर्ट मात्र वेगळा ठेवा, १४ दिवस आधी, ब्लॅकबॉक्स एक्सपोर्टरवरून (प्रोमिथियससाठी बाहेरून तपासणी करणारं टूल). तो तातडीचा नसतो, त्याचं सरळ टिकेट बनवा.