शागालची लाल खोली: आधी कविता वाचायची की आधी चित्रं बघायची?

भटकभवानी:
पुढच्या महिन्यात फ्रान्समध्ये नीसला दोन दिवस आहे, चित्रकार मार्क शागालचं म्युझियम नक्की करणार. तिथे बायबलमधल्या 'गीतरत्ना'वर पाच चित्रं आहेत, तर ते काव्य आधी वाचून जाऊ का? मागे एका प्रदर्शनात प्रत्येक चित्राशेजारी कविता लावलेली, मी आधी कविता वाचायचे आणि मग चित्रात तेवढंच शोधत बसायचे, कवितेतलं हरीण चित्रात दिसलं की झालं, पुढचं चित्र. बाहेर आल्यावर एकाही चित्राचा रंग आठवेना.

रंगारी:
वाच, पण आदल्या रात्री नको. आठच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. आठवडाभर आधी वाचलंस की शब्द विसरतील आणि चव तेवढी राहील. ओळीला ओळ जुळवत बसू नकोस, काव्यात तिच्या केसांना शेळ्यांच्या कळपाची उपमा आहे, ती कुठे शोधणार? उलट एका चित्रात पंखांचा घोडा जोडप्याला पाठीवर घेऊन गावावरून उडतोय, तो काव्यात कुठेच नाही. मोठ्या हॉलमध्ये उत्पत्ती आणि निर्गम या बायबलच्या पहिल्या दोन पुस्तकांवरची 12 चित्रं आहेत, ती बघून या छोट्या षटकोनी खोलीत शिरलं की चहूकडे नुसता लाल-गुलाबी, मी तर दोन मिनिटं दारातच उभा होतो, मागचे लोक वैतागले.

तिरपागडा:
पण बायबलमधलं असलं तरी गीतरत्नात आध्यात्मिक काय आहे? सरळसरळ प्रेमकाव्य आहे ते, देवाचं नाव जवळजवळ येतच नाही. आणि शागालने ही पाचही चित्रं बायकोला, वावाला अर्पण केलीत.

रंगारी:
मग ज्ञानेश्वरांच्या विरहिण्या वाचून पण हेच विचारशील का रे? ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत हे काव्य देव आणि भक्ताचं म्हणून शेकडो वर्षं वाचलं गेलंय. शागालला दोन्ही एकच वाटत असणार असं माझं मत, बायको आणि देव असे वेगळे रंग तिथे दिसत नाहीत.

जुनाट:
अजून एक, मोठ्या हॉलमध्ये गोष्टीचा क्रम लावायला जाऊ नका. 1973 ला म्युझियम उघडलं तेव्हा शागाल हयात होता, कुठलं चित्र कुठे लावायचं ते त्यानेच ठरवलंय, आणि बायबलचा क्रम मुद्दाम धरलेला नाही. बाकी मंगळवारी बंद असतं.

भटकभवानी:
बाप रे, मी मंगळवारच धरला होता! थँक्स, आज रात्रीच गीतरत्न वाचायला घेते.