चर्चा धागा: सशाची कातडी घरी तुरटीत कमावून हिवाळी वस्तू शिवणं, सोलापुरात यात अर्थ आहे का?

खडेमीठ:
माझं मत आधीच सांगतो. पाळीव सशाचं मांस खाणाऱ्यांनी कातडी फेकून देऊ नये. तुरटी आणि मिठात ती घरच्या घरी कमावता येते. मात्र हे काम मार्गशीर्ष-पौषातच करावं, आणि त्यातून पाणी न लागणाऱ्याच वस्तू कराव्यात: गळपट्टी, कानपट्टी, हातमोज्याच्या मनगटाची पट्टी. उन्हाळ्यात इथे घरात ठेवलेल्या बादलीतलं पाणीसुद्धा कोमट असतं. त्यात कातडी धुवायला टाकली की केसांची मुळं सुटायला लागतात. नंतर कितीही मीठ ओता, ते केस परत बसत नाहीत.

सहा कातड्यांसाठी कृती अशी. कातडी निघाल्यावर तासा-दोन तासांत एकतर गार पाण्यात धुऊन कामाला घ्यावी, नाहीतर मांसाची बाजू आत घडी घालून पिशवीतून फ्रीझरमध्ये टाकावी. धुताना थोडा पातळ साबण चालतो, गरम पाणी अजिबात नको. आठ लिटर पाण्यात ४५० ग्रॅम खडेमीठ आणि ४५० ग्रॅम तुरटी. तुरटी थोड्या गरम पाण्यात विरघळवून, ते पाणी पूर्ण गार झाल्यावरच कातड्या सोडायच्या. बादली प्लॅस्टिकची. लोखंडाचे डाग पडतात आणि ॲल्युमिनियमला हे पाणी खातं. कातड्या वर तरंगू नयेत म्हणून पाणी भरलेली बाटली वजनाला ठेवा. दिवसातून दोनदा हलवायचं, घड्या उलगडून. घडीत पाणी पोचलं नाही तर नेमकी तीच जागा कुजते.

४८ तासांनी बाहेर काढून निथळा आणि मांसाकडचा पातळ पापुद्रा सोला. शेपटीकडून सुरुवात केली तर मोठ्या सशाचा पापुद्रा बराचसा अखंड सुटतो. पाण्यात जाण्याआधी सोलायला गेलात तर कातडीच फाटते, म्हणून ही घाई करू नका. मग त्याच पाण्यात आणखी ४५० ग्रॅम तुरटी घालून सात दिवस, हलवणं चालूच. कातडी आरपार पांढरी, अपारदर्शक दिसली पाहिजे.

यानंतरचं काम कंटाळवाणं, पण सगळा मऊपणा त्यातच आहे. कातडी विसळायची, पिळायची नाही, नुसती दाबून पाणी काढायचं आणि सावलीत टांगायची. ओलसर असतानाच खुर्चीच्या पाठीच्या कडेवर मांसाची बाजू घासत ताणायची. ताणल्यावर पांढरं उमटायला लागलं की वेळ बरोबर आली. आपल्याकडच्या कोरड्या हवेत ही वेळ फार थोडी असते, सकाळी टांगलेली कातडी दुपारी पापडासारखी कडक होते. तशी झाली तर ओल्या फडक्याने आतली बाजू पुसून रात्रभर पिशवीत बांधून ठेवा, ओल सारखी पसरते. सकाळी परत ताणा. घाम येईपर्यंत.

तरवड:
मालक, कृती व्यवस्थित लिहिलीत, पण याला कमावणं म्हणत नाहीत. तुरटी कातडीत पक्की बसत नाही, पाण्याने धुऊन जाते. गळपट्टीला पाणी लागत नाही म्हणता, मग मानेचा घाम काय असतो? एक-दोन हिवाळ्यांत ती पट्टी मानेच्या मागे कडक होऊन घडीवर तडकणार. शिवाय तुरटीची आंबट बाजू आत राहिली की कातडी वर्षागणिक कमजोर होत जाते.

सोलापुरात बसून तुरटी कशाला हवी? माळरानावर पिवळ्या फुलांचा तरवड जिकडे तिकडे आहे. त्याच्या सालीत कातडी कमावण्याची पद्धत दक्षिणेत जुनी आणि नावाजलेली आहे. बाभळीची साल चालते, हिरडा चालतो. हिरड्यात टॅनिन, म्हणजे कातडी पक्की करणारं तुरट द्रव्य, या तिघांत सर्वांत जास्त असतं, पण सशासारख्या पातळ कातडीला मी तरवडच सुचवेन.

वाळलेली साल कुटून एक किलोला दहा लिटर पाणी, कोमट, उकळायचं नाही. दोन दिवस भिजवून गाळून घ्या. यातलं एक भाग पाणी आणि तीन भाग साधं पाणी, अशा पातळ अर्कात कातडी पहिले तीन-चार दिवस. मग निम्मं-निम्मं. मग संपूर्ण अर्क. उलटं केलं, म्हणजे पहिल्याच दिवशी कडक अर्कात टाकली, तर वरचा थर पटकन आवळतो आणि आतला गाभा कच्चा राहतो. बाहेरून सुरेख दिसते आणि आतून कुजते. दहा-पंधरा दिवसांनी कडेचा बारीक तुकडा कापून बघा. कापलेल्या जागी सगळीकडे एकच तपकिरी रंग हवा, मध्ये पांढरी रेघ दिसली तर आणखी दिवस लागणार.

साल काढताना खोडाला गोल सोलू नका, झुडूप मरतं. छाटलेल्या फांद्यांची घ्या.

खडेमीठ:
@तरवड, आणि केसांचं काय? आपल्याकडे पाळतात ते बहुतेक न्यूझीलंड व्हाइट, शुभ्र. पंधरा दिवस सालीच्या पाण्यात ठेवल्यावर ते चहात बुडवल्यागत निघणार. त्यात बोअरचं जड पाणी असेल तर अर्क काळपट होतो, आणि कुठे लोखंडाचा स्पर्श झाला की निळे-काळे ठिपके. बादलीची लोखंडी कडीसुद्धा पुरते.

तरवड:
मग बुडवू नका. कातडी पाटीवर ताणून खिळवा, केस खाली. खिळे पितळेचे नाहीतर नुसते बाभळीचे काटे. कडक अर्कात गव्हाचं पीठ कालवून लेप करा आणि फक्त मांसाच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर थर द्या, रोज खरवडून नवा. केसांना रंग लागत नाही. वेळ जास्त जातो, पण तुमच्या आंबट पांढऱ्या कागदापेक्षा टिकाऊ माल मिळतो.

सुईदोरा:
तुम्ही दोघं दोन टोकांना आहात. तुरटीलाच थोडी पक्की करता येते. ती आंबट असते तोवर कातडीला नीट चिकटत नाही, म्हणून सोड्याने आंबटपणा उतरवायचा. ४५० ग्रॅम तुरटी चार लिटर पाण्यात. दुसऱ्या भांड्यात दोन लिटर पाण्यात २२५ ग्रॅम मीठ आणि धुण्याचा सोडा. इंग्रजी जुन्या कृतींत सोडा ११५ ग्रॅम लिहिलेला असतो, तो खड्यांचा. आपल्या दुकानात कोरडी पूड मिळते, ती जवळजवळ पावणेतीन पट जोरदार, म्हणून ४० ग्रॅमच. आकडा तसाच उचलला की काम बिघडलंच. सोड्याचं पाणी तुरटीच्या पाण्यात अगदी बारीक धारेने, ढवळत. भसकन ओतलंत तर पांढरा चोथा खाली बसतो आणि ती तुरटी वाया.

तेलाशिवाय मात्र कुठलीच कातडी मऊ राहत नाही, याबद्दल दोघंही गप्प. नुसतं खोबरेल लावू नका, वरच राहतं आणि खवट होतं. पाण्यात मिसळणारं तेल हवं. सोलापुरात टॉवेल-चादरीचे रंगारी टर्की रेड ऑइल वापरतात, म्हणजे प्रक्रिया केलेलं एरंडेल. रंगाची केमिकल विकणाऱ्याकडे विचारा. एक भाग तेल, तीन भाग कोमट पाणी, ओलसर कातडीच्या आतल्या बाजूने चोळायचं. ते नसेल तर अंड्याचा पिवळा बलक थोड्या तेलात फेटून. केसांवर लागलेलं तेल गरम केलेल्या गव्हाच्या कोंड्याने चोळून काढा. सागवानाचा भुसा पांढऱ्या केसांना घेऊ नका, डाग पडतो.

घोंगडीच बरी:
एवढा उपद्व्याप कशासाठी, ते कोणी सांगेल का? आपल्याकडे पहाटे पारा पंधराच्या आसपास. बोचरी थंडी म्हणजे संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उरकेपर्यंत. सांगोल्याकडे दख्खनी मेंढीची लोकर आहे, घोंगडी विणणारे अजून आहेत. त्या लोकरीची पट्टी गळ्याला गुंडाळली, मळली तर धुतली, विषय संपला. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात तुम्ही सहा सशांसाठी चाळीस-पन्नास लिटर पाणी नासणार आणि ते खारट पाणी ओतणार कुठे? झाडाला घातलं तर झाड गेलं.

सुईदोरा:
पाण्याचा मुद्दा रास्त. खारं पाणी पसरट टबात घालून गच्चीवर ठेवा, आपल्या उन्हात आटतं. खाली राहिलेला खडा कचऱ्यात जातो.

लोकरीचं मात्र पटत नाही. दख्खनी लोकर जाडीभरडी, उघड्या मानेला टोचते. दुसरं म्हणजे विणीतून वारा आत शिरतो. पहाटे गाडीवरून मोहोळ किंवा होटगीकडे जाणाऱ्याला थंडी वाऱ्याची लागते, पाऱ्याची नाही. कातडीतून वारा जात नाही, एवढाच तिचा खरा फायदा.

घोंगडीच बरी:
मग लोकरीवर रेक्झिनचा तुकडा शिवा, वारा अडला. टोचते तर आतून सुती अस्तर. ससा कशाला मधे? आणि तुमची ती केसाळ कानपट्टी हेल्मेटखाली बसणार आहे का?

लांबकान:
ससे पाळणाऱ्यांच्या बाजूने सांगतो, कारण वर सगळे कातडी जणू काश्मीरहून आल्यासारखं बोलताहेत. सशाला तीस अंशांच्या वर त्रास सुरू होतो, नराची प्रजननक्षमताही घसरते. अशा हवेत वाढलेल्या जनावराच्या अंगावर आतली दाट मऊ लव फारशी येत नाही, वरचे लांब केसच जास्त दिसतात. त्यात मांसासाठी तीन महिन्यांच्या आत कापलेला ससा. त्याची कातडी कागदाइतकी पातळ आणि केस अजून बदलायचे असतात. कमावली तरी हात फिरवला की गळतात. दोष तुरटीचा नाही, तरवडाचाही नाही.

घ्यायचीच तर वर्षाच्या वरच्या सशाची, जानेवारीतली. रंगीत सशाच्या कातडीची आतली बाजू बघा. निळे-काळे डाग असतील तिथे नवे केस येत आहेत, ती कातडी बाजूला ठेवा. पांढऱ्या सशात ही खूण दिसत नाही, त्यात रंगद्रव्यच नसतं. केस उलट्या दिशेने ओढून बघणं हाच उपाय.

आणि एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. हा सगळा विचार पाळीव सशापुरताच. माळावरच्या रानसशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, कातडी जवळ बाळगणंसुद्धा. कोणी ‘जाड केसांची आणून देतो’ म्हणालं तर हात जोडून वाटेला लावा.

तरवड:
@लांबकान, वयाचं मान्य. पण मग हिशेब बदलतो. वर्षाची जनावरं म्हणजे पैदाशीतून काढलेल्या माद्या. त्यांची कातडी जाड असते, तुरटी तिथे आणखीच कमी पडते. सालच लागणार.

खडेमीठ:
जाड म्हणजे म्हैस नाही हो. सात दिवसांऐवजी दहा द्या, पुरतं. उकळत्या पाण्यात तुकडा टाकून कोणी चाचणी सांगेल, ती क्रोमच्या, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याची. तुरटीचा तुकडा त्यात आक्रसणारच, आणि खरं सांगायचं तर सालीचाही.

घोंगडीच बरी:
बरं, समजा केली. डिसेंबर ते जानेवारी वापरली. उरलेले दहा महिने ती पेटीत, आणि कसर बसली टपून. पुढच्या वर्षी पेटीतून टकली पट्टी काढणार.

लांबकान:
कसर लोकरीलाही लागते की. तुमच्या घोंगडीला काय माफी आहे? दोन्हीला उपाय एकच: उन्हात झटकून, कडुलिंबावर भरवसा न ठेवता, डांबरगोळ्या घालून घट्ट बंद पिशवीत. फ्रीझरमध्ये जागा असेल तर आधी काही दिवस तिथे.

सुईदोरा:
शिवायचं ठरवलंच असेल त्यांच्यासाठी, कारण चांगली कमावलेली कातडी बहुतेक वेळा इथे वाया जाते. कात्रीने कापू नका, केस अर्धे तुटून कडेला बोडकी पट्टी दिसते. आतल्या बाजूवर पेनाने खूण करून नुसत्या ब्लेडच्या टोकाने फक्त कातडी चिरायची, तीही हवेत उचलून, खाली पाट न ठेवता. दोन तुकड्यांचे केस एकाच दिशेला हवेत. गळपट्टीत केसांची दिशा आडवी, गळ्याभोवती फिरणारी ठेवा, म्हणजे हनुवटी वळवताना टोचत नाहीत.

सुई तीनधारी टोकाची, चामड्याची. साधी सुई पातळ कातडी ढकलून फाडते. दोरा पॉलिएस्टरचा, मेण ओढलेला. तुरटीच्या आंबटपणाने सुती दोरा कुजतो, शिवण उसवते आणि दोष कातडीला मिळतो. केस आत ढकलून दोन्ही कडा जोडायच्या आणि वरून गुंडाळत टाके, इंचाला सहाच. जास्त घातले तर भोकांची रांग होऊन तिकिटासारखं फाटतं. कडेला सुती फीत लावून मगच शिवलं तर ताण फितीवर जातो. शेवटी शिवणीत अडकलेले केस सुईच्या टोकाने बाहेर ओढा, सांधा दिसेनासा होतो.

गळपट्टीला मोठ्या सशाची दीड कातडी पुरते.

तरवड:
केस मानेकडे की बाहेर?

सुईदोरा:
केस मानेकडे, कातडी बाहेर, आणि बाहेरून जाड सुती कापड. तुम्ही म्हणता तो घाम मग आधी केसांत अडतो, कातडीपर्यंत कमी पोचतो. तुरटीची पट्टी दोन हिवाळ्यांऐवजी तीन-चार जाते.

तरवड:
सालीची दहा जाते.

घोंगडीच बरी:
माझी धुता येते.