पहिला स्वतःचा स्नोबोर्ड : मऊ घ्यावा की पुढचा विचार करून?

सिएटलची_सई
दोन हिवाळे सिएटलजवळच्या स्नोक्वालमी खिंडीत भाड्याच्या बोर्डवर काढले. हिरव्या म्हणजे सोप्या उतारावर आता टाच आणि चवडा दोन्ही बाजूंनी वळणं जोडता येतात, निळ्यावर म्हणजे मध्यम उतारावर अजून पोटात गोळा येतो. यंदा स्वतःचा घ्यायचाय. एकच, आणि चार-पाच हिवाळे पुरला पाहिजे. वजन 58 किलो, उंची 5 फूट 3 इंच, बूट अमेरिकन बायकी मापाचे 7.

दुकानात दोन बाजूला काढून ठेवलेत. एक 142 सेंटिमीटरचा, एकदम मऊ, अख्खा रॉकर. दुसरा 146 चा हायब्रिड, मध्यम फ्लेक्स (कडकपणा), पायांखाली कँबर आणि दोन्ही टोकं जरा उचललेली. नवरा म्हणतो मऊ घे, हाडं शाबूत राहतील. माझं मन 146 वर आहे.

(नवीन लोकांसाठी: कंबर वेगळी, कँबर वेगळा. कंबर म्हणजे बोर्डची मधली रुंदी. कँबर म्हणजे बोर्ड जमिनीवर ठेवला की मध्ये दिसते ती कमान. रॉकर त्याच्या उलट, होडीसारखा. एवढं कळायला मला एक हिवाळा लागला.)

मनगट_मोडलेली
मऊ रॉकर. डोळे झाकून. माझा आयडी वाचलात ना? पहिल्या वर्षी भावाचा जुना कडक कँबर घेऊन गेले. वळता वळता बोर्डच्या कडेची उताराकडची धार रुतली आणि काही कळायच्या आत मी तोंडावर, हात पुढे. सहा आठवडे प्लास्टर. रॉकरची टोकं बर्फापासून वर असतात, त्यामुळे धार चुकून रुतायचं प्रमाण कमी. पाय फिरवला की बोर्ड फिरतो. भीती गेली की बाकीचं आपोआप येतं.

व्हरमाँटचा_जोशी
असहमत. धार पकडतेय याची खात्री पटली की भीती जाते, आणि कडक बर्फावर ती खात्री रॉकर देत नाही. कितीही दाबा, मधला भाग टेकतो आणि टोकं हवेत. बोर्ड घसरतो, माणूस घाबरून मागच्या पायावर बसतो. ती खोड मोडायला माझे दोन हिवाळे गेले. कँबरवर वजन टाकलं की कमान सपाट होते आणि दाब टोकांपर्यंत पोचतो.

आमच्याकडे बर्फ कसला, फरशीच असते. पण तुमचं स्नोक्वालमी काय वेगळं आहे? खिंड जेमतेम 920 मीटरवर. दुपारी पाऊस, रात्री गोठण. ऑफिस सुटल्यावर दिव्यांच्या उजेडात जाणार असाल तर काच मिळेल काच.

मनगट_मोडलेली
जोशीबुवा, ती निळ्या उताराला घाबरतेय आणि तुम्ही तिला शर्यतीला पाठवताय.

व्हरमाँटचा_जोशी
पूर्ण कँबर घ्या असं मी कुठे म्हटलं? हायब्रिडच सांगतोय. टोकं उचललेली असली की तुमची मनगटाची तक्रार बरीचशी मिटते. फ्लेक्स दहापैकी चार-पाच. मात्र एका कंपनीचा चार म्हणजे दुसरीचा सहा असू शकतो, तेव्हा छापील आकड्यावर जाऊ नका, हाताने वाकवून बघा.

दहा_नंबरी
सगळं ठीक, पण 'बायकांचा बोर्ड' ही पाटी कुणी तपासणार का? माझं वजन 76, बूट 10. दुकानात मला सरळ गुलाबी भिंतीकडे नेलं. बोर्डची कंबर 24 सेंटिमीटर. पहिल्याच खोल वळणाला बुटाचा चवडा बर्फात घासला आणि मी उताणी. शेवटी 25 च्या वर कंबर असलेला पुरुषांचा घेतला, सुखी झाले. बोर्डला बाई-बुवा कळत नाही, वजन आणि पाऊल कळतं.

आणि सई, बूट स्वतःचे आहेत ना? नसतील तर आधी ते. टाच उचलली जात असेल तर कुठलाही बोर्ड ऐकणार नाही.

मनगट_मोडलेली
पाटी अगदीच खोटी नाही हं. तुला रुंद लागला म्हणून सईला लागेल असं नाही. 58 किलोच्या बाईने 7 च्या बुटांनिशी रुंद बोर्ड घेतला तर एका धारेवरून दुसरीवर जाताना जीव निघतो. बर्टन कंपनीचा फीलगुड हा बायकांचा बोर्ड पुरुषांच्या कस्टमचा जोडीदार समजतात, पण त्याची लांबी, कंबर, फ्लेक्स हलक्या वजनाला धरून केलेली असतात. नुसता रंग बदललेला नसतो.

जोशीबुवांसाठी आणखी एक. सईच्याच राज्यात मर्विन कंपनीचा कारखाना आहे, ग्नू आणि लिब टेक हे बोर्ड तिथे बनतात. त्यांची धार ब्रेड कापायच्या सुरीसारखी नागमोडी असते. अशा धारेचा रॉकर तुमच्या फरशीवरही चावतो.

व्हरमाँटचा_जोशी
चावतो, मान्य. पण दुकानात काढून ठेवलेल्या 142 ला तशी धार आहे का? भाड्याच्या वर्गातला मऊ रॉकर असणार तो.

पुण्याचा_बर्फ
अवांतर होईल, पण सईला हवा तसा एकच, 'सगळीकडे चालणारा' बोर्ड म्हणजे कुठेच धड न चालणारा, असं माझं मत. गुलमर्गला दोनदा गेलोय. गोंडोल्याच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवट डोंगरावर 3,900 मीटरच्या वर गेलं की दाबून सपाट केलेला बर्फ विसरा, मांडीभर भुसभुशीत. माझा ट्विन (दोन्ही टोकं सारखी असलेला) बोर्ड नाक खुपसून बसायचा. मागचा पाय दाबून दाबून मांड्या पेटल्या. दुसऱ्या वेळी लांब नाकाचा डिरेक्शनल (एकाच दिशेने चालवायचा) भाड्याने मिळाला, तेव्हा कुठे तरंगलो. जसा बर्फ तसा बोर्ड भाड्याने घ्या, विमानात ते धूड कोंबायची कटकट नाही.

दहा_नंबरी
तुम्ही वर्षाला सहा दिवस जाता. ती घरून निघून तासाभरात खिंडीत पोचते. तिला रोज रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या पायाचे ओले बूट घालायला सांगताय?

पुण्याचा_बर्फ
ओल्या बुटांचा मुद्दा बिनतोड. माघार.

सिएटलची_सई
बूट मागच्याच महिन्यात घेतलेत, टाच घट्ट बसते. आज पुन्हा जाऊन आले. 142 ला नागमोडी धार नाही, जोशीकाकांचा तर्क बरोबर. 146 ची कंबर 23.8, माझा बूट दोन्हीकडून सेंटिमीटरभर बाहेर येतो. हाताने वाकवायला गेले तर दुकानदार काळजीने बघत होता. दोन्ही बोर्ड एकेक दिवस चालवून बघायला देतो म्हणाला. शनिवारी दुपारी नेऊ का?

व्हरमाँटचा_जोशी
दुपारी नको. दुपारच्या चिखलात दोन्ही सारखेच गोड वागतील. रात्री, गोठल्यावर. आणि दोन्ही एकाच उतारावर.

मनगट_मोडलेली
रात्रीच जा, पण मनगटाचे गार्ड घालून.

सिएटलची_सई
शुक्रवार रात्रीचं तिकीट काढलं. गार्ड ग्लोव्हच्या आत घालतात की बाहेर?