नियती नियती काय लावलंय?

रिकामटेकडा: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, 'ग्रीक शोकांतिकेत माणूस नियतीच्या हातातलं बाहुलं, नातीगोती निमित्तमात्र.' गाईडातलं वाक्य! सोफोक्लीसच्या 'अँटिगनी' नाटकाचा शेवट वाचलाय का? राजा क्रेऑनने तिच्या भावाच्या, पॉलिनायसिसच्या, प्रेताला मूठमाती द्यायला बंदी घातलेली; तिने ती मोडली म्हणून तिला गुहेत जिवंत कोंडलेलं. भविष्यवेत्त्या तिरेसियसने झापल्यावर क्रेऑन वरमतो. कोरस, म्हणजे नाटकातला गायकवृंद, त्याला सांगतो, जा, पोरीला गुहेतून सोडव आणि प्रेताला मूठमाती दे. हा गडी आधी पॉलिनायसिसचं उरलंसुरलं दहन करतो, वर मातीचा ढीग रचतो, मग गुहेकडे वळतो. तोवर तिने गळफास घेतलेला. पाठोपाठ पोरगा गेला, बायको गेली. यात नियती कुठे आली?

जुना_भिडू: लॅब्डॅकसच्या, म्हणजे तिच्या पणजोबाच्या, घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या दुःखाच्या लाटा आदळतात, हे कोरसगीत सोयीस्कर गाळलंत. तिच्या आजोबाला, लायसला, तर देववाणीने आधीच सांगितलेलं, पोराच्या हातून मरशील. टाळायला गेला, तिथेच सापडला.

पडद्यामागची: लायसचं ठीक. पण तिचे दोघं भाऊ एकमेकांच्या हातून मरतात ते? 'इडिपस ॲट कोलोनस'मध्ये बाप इडिपस स्वतःच्या तोंडाने तसा शाप देतो. पोरांनी घराबाहेर जाऊ दिलं, राग धरला म्हाताऱ्याने. याला नियती म्हणायचं?

जुना_भिडू: 'अँटिगोनी' इ. स. पू. 441 च्या आसपासचं, 'कोलोनस' रंगमंचावर आलं 401 मध्ये. चाळीस वर्षांनंतरच्या नाटकाचा दाखला? वा!

खडूस_वाचक: ते राहू द्या. अँटिगनीचं भावाबद्दलचं ते भाषण कुणालाच खुपत नाही? नवरा गेला तर दुसरा मिळेल, मूल गेलं तर दुसरं होईल, आईबाप मेलेत, आता भाऊ कुठून आणू? म्हणजे नवऱ्यासाठी बाई जागची हलली नसती! ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेल्या, इराणचा राजा दरायसच्या गोष्टीत हाच हिशेब आहे. जर्मन कवी गटेलाही वाटायचं, हा भाग प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणी घुसडलेला, ठरला तर बरं. मी तर सरळ काढून टाकेन.

पडद्यामागची: ॲरिस्टॉटल शंभरेक वर्षांनी त्या भाषणाचा दाखला देतो. काढणारे तुम्ही कोण? माझा थोरला भाऊ गेला तेव्हा जमिनीच्या भांडणापायी चुलते, मामा, कुणी फिरकलं नाही. मडकं मी घेतलं खांद्यावर. तीन फेऱ्या, दर फेरीला दगडाने एक भोक, पाण्याची धार पाठीवरून खाली. पुढे कधीतरी नाटकात पहारेकऱ्याचं बोलणं वाचलं, तिने काशाच्या झारीतून प्रेतावर तीनदा अर्घ्य सोडलं म्हणून. पुस्तक मिटून ठेवलं. हिशेब वाटतोय तुम्हाला?

खडूस_वाचक: वाईट वाटलं, खरंच. पण तुमचा अनुभव म्हणजे संहितेचा पुरावा नव्हे.

पडद्यामागची: पुरावा म्हणून दिलाच नव्हता. गटेचं खुपणं तेवढं पुरावा का?

रिकामटेकडा: अहो, मूळ मुद्दा! मामावरून आठवलं, क्रेऑन तिचा सख्खा मामा, वर होणारा सासरा. भाचीला जिवंत कोंडायला त्याला कुणी दैवाने ढकललं नव्हतं.

जुना_भिडू: इडिपसने नकळत आईशीच लग्न केलं, म्हणून त्याचाही मामा तोच आणि मेहुणाही तोच. हा गुंता काय क्रेऑनने केला? बरं बाबा, गुहेला उशीर त्याने केला, मान्य. खूश? आणि नाव 'अँटिगोनी' आहे, निदान ते तरी नीट लिहा.

रिकामटेकडा: आले शुद्धलेखनवाले.

खडूस_वाचक: भाषण प्रक्षिप्त की नाही, ते अजून कुणी सांगितलेलं नाही.