मदत हवी आहे: रात्रीचे विरळ सिरस ढग कसे ओळखायचे?

हिमावारी-९ या जपानी हवामान उपग्रहाच्या डेटातून रात्रीचे विरळ सिरस (उंचावरचे बर्फकणांचे पातळ ढग) वेगळे काढतोय. नुसत्या १०.४ मायक्रॉन या अवरक्त तरंगलांबीच्या चित्रात ते जवळपास दिसतच नाहीत, खालच्या उबदार समुद्राचं प्रारण आरपार येतं. म्हणून १०.४ आणि १२.४ मायक्रॉनला मोजलेल्या तापमानांतला फरक (१०.४ उणे १२.४) काढला. कोरड्या हवेत छान चालतो. दमट उष्ण कटिबंधात मात्र बाष्पामुळे निरभ्र आकाशातही फरक धन येतो आणि सगळीकडे ढगच ढग! किती फरकाला ढग म्हणायचं ती मर्यादा वाढवली की खरे सिरस निसटतात.

विरळ सिरस टिपणारा १.३८ मायक्रॉनचा चॅनेल या उपग्रहावर नाही, शिवाय तो सूर्यप्रकाशावर चालतो, त्यामुळे तो पर्याय बाद.

आता ८.६ उणे ११.२ जोडायचा विचार आहे, कारण बर्फकण असले की तो वर सरकतो. त्याची मर्यादा एकच ठेवावी, की त्या जागेच्या बाष्पाप्रमाणे बदलती?