चिऱ्याची भिंत बाहेरून उघडी ठेवू की गिलावा करू? (कुडाळ, कौलारू घर)

माटवाखाली:
साडेआठशे चौरस फुटांचं कौलारू घर बांधतोय. जोतं अडीच फूट, भिंती नऊ इंची जांभ्या चिऱ्याच्या, काम लिंटेलपर्यंत (दार-खिडक्यांवरच्या आडव्या तुळईपर्यंत) आलंय. घरच्यांना बाहेरून चिरा उघडाच हवा, आतून पुट्टी आणि रंग. गवंडी म्हणतो, नुसत्या दर्जा (चिऱ्यांमधल्या सांध्यांच्या फटी) भरल्या तर पश्चिमेची भिंत आत ओल फेकणार. वळचण दोन फुटांची धरलीय. बाहेर काय करावं? आणि जमिनीला कोटा दगड घ्यावा की व्हिट्रिफाइड टाइल?

ओळंबा:
गवंड्याचं पश्चिमेपुरतं खरं आहे. निर्णय अख्ख्या घराचा एकदम घेऊ नका, भिंतीगणिक घ्या. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून आडवा मारतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिण या भिंतींना बाहेरून दोन हातांचा गिलावा करा: पहिला १२ ते १५ मिमी, वर ६ ते ८ मिमी, माल १:४ (सिमेंट:वाळू), सोबत वॉटरप्रूफिंग कंपाउंड. उत्तर आणि पूर्वेला चिरा खुशाल उघडा ठेवा.

उघड्या भिंतीत पाणी चिऱ्यापेक्षा दर्जांतून जास्त शिरतं. दर्जा माल ओला असतानाच १५-२० मिमी खोल खरवडून ठेवायला सांगा, नंतर छिन्नीने उकरताना चिऱ्याच्या कडा उडतात. भरताना माल १:३, दाबून. चिऱ्यावर सांडलेला माल त्याच दिवशी ओल्या गोणपाटाने पुसायचा. तो वाळला की लोक ॲसिडने धुतात आणि तेच ॲसिड दर्जा खातं.

वर लॅकर किंवा व्हार्निश अजिबात नको. फोटोत झकास दिसतं, पण आतली ओल कोंडते आणि थर पोपड्यांनी सुटतो. सायलेन-सायलोक्झेन प्रकारचं पाणीरोधक एप्रिल-मेमध्ये, भिंत खडखडीत वाळल्यावर मारा. ते भिंतीत मुरतं, वाफ बाहेर जाऊ देतं. काही वर्षांनी परत मारावं लागतं, तो खर्च धरून चाला.

आणि वळचण आत्ताच तीन फूट करा. वासे चढल्यावर हे जमणार नाही.

थापी:
आतल्या बाजूचं लिहितो, कारण पुट्टीचे फुगे बहुतेक वेळा घाईमुळे येतात.

चिरा मालातलं पाणी शोषून घेतो, मग गिलावा भुसभुशीत राहतो. म्हणून आदल्या दिवशी भिंत भिजवा, आधी १:३ चा पातळ माल फटकारून खडबडीत थर द्या, दुसऱ्या दिवशी गिलावा. लिंटेल आणि चिरा जिथे भेटतात तिथे दोन्हीकडे सहा-सहा इंच येईल अशी कोंबडीजाळी ठोका, नाहीतर नेमकी तिथेच आडवी चीर पडते. सात दिवस दोन वेळा पाणी मारायचं.

पुट्टीआधी एक साधी परीक्षा: दोन फुटी चौकोनी प्लास्टिक चारही कडा चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावा. दुसऱ्या दिवशी आत थेंब दिसले किंवा भिंत काळसर पडली, तर थांबा. पावसाळ्याच्या तोंडावर गिलावा झाला असेल, तर पुट्टी दिवाळीनंतरच. बाहेरच्या भिंतींना आतून जिप्सम प्लास्टर कोणी सुचवलं तर नको म्हणा. ओलीत ते मऊ पडतं.

रांधा:
जमीन. आधी खालचं बघा. भरणी सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी सोडून, धुमसून. अडीच फूट माती एकदम लोटली की दोन पावसांत लादी बसणार, मग ती कोटा असो की इटालियन. वर वाळवीचं औषध, मग दगडांचं सोलिंग, २५० मायक्रॉनचं प्लास्टिक (जोडावर सहा इंच चढवून), आणि तीन-चार इंच काँक्रीट.

जूनमध्ये दमट हवा थंड लादीवर आली की गुळगुळीत व्हिट्रिफाइडला घाम सुटतो आणि पाय सरकतो. त्यामुळे माजघर, पडवीला कोटाच, पण पडवीत बिनपॉलिशचा. घासाई जमीन टाकल्यावर निदान पंधरा दिवसांनी. लगेच मशीन फिरवलं तर लादी सुटते.

स्वयंपाकघरात मात्र कोटा नको. तो चुनखडीचा दगड, आगळ (कोकमाचा आंबट रस) किंवा लिंबू सांडलं आणि तासभर राहिलं की पॉलिश गेलं, पांढुरका डाग कायमचा. तिथे मॅट व्हिट्रिफाइड लावा, तीही टाइल ॲडेसिव्हने. ती पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंट-वाळूच्या मालाला पकड मिळत नाही आणि टिचकी मारली की पोकळ वाजते. खाचांच्या थापीने ॲडेसिव्ह पसरा, मधे २ मिमी फट ठेवा.

माटवाखाली:
पश्चिमेला गिलाव्याऐवजी पडवीच काढली तर?

ओळंबा:
जागा असेल तर तेच करा, कुठल्याही रसायनापेक्षा भारी. पाच-सहा फूट रुंद, कडेची उंची सात फुटांच्या आत, म्हणजे झड भिंतीपर्यंत पोचत नाही. पूर्वी याच बाजूला पावसाळ्यात झाप (विणलेल्या झावळ्यांचे पडदे) बांधायचे. फक्त पडवीचे वासे जिथे भिंतीला टेकतात, त्या जोडावर भिंतीत खाच मारून पत्र्याची पट्टी आत घुसवा. नुसता सिमेंटचा पट्टा मारला तर तो उन्हाने सुटतो आणि पाणी सरळ वाशांच्या डोक्यावर उतरतं.