अननसाची पाने, खोड आणि साले: संशोधनातले बागेत किती उतरते?

सुपारीवाला, दोडामार्ग

नमस्कार. आमच्या सुपारीच्या बागेत क्वीन जातीचा अननस आंतरपीक म्हणून आहे. मुख्य पीक आणि दोन खोडवे (त्याच झाडांच्या फुटव्यांवरची पुढची पिके) घेऊन झाले असून यंदा पावसाळ्यापूर्वी जुनी झाडे उपटून नवे फुटवे लावायचे आहेत. अडचण आहे ती उपटलेल्या झाडांची. मागच्या वेळी आम्ही ती बांधावर रचली, तर पूर्ण पावसाळा उलटूनही ढिगाच्या पोटातली पाने जशीच्या तशी ओढून काढता येत होती; जाळायला घेतली तेव्हा आगीपेक्षा धूरच जास्त झाला. फळे कापून विकण्याचा जोडधंदा असल्याने साले आणि तुरेही रोज दोन-तीन घमेली निघतात. एका परिचितांनी सांगितले की, अननसातल्या ब्रोमेलेनला औषध कारखान्यांत मोठी किंमत आहे. दुसऱ्यांनी पानांपासून कापड होते असे सांगितले. या विषयावर नेमके काय संशोधन झाले आहे आणि त्यातले आमच्यासारख्या छोट्या बागायतदाराला काय करता येईल, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

जीवरसायन

माझी बरीच वर्षे विकरे (एन्झाइम) शिकवण्यात गेली, म्हणून ब्रोमेलेनविषयी लिहितो. व्हेनेझुएलातील रसायनशास्त्रज्ञ व्हिसेंते मार्कानो यांनी १८९१ मध्ये अननसाच्या फळातून हे प्रथिने तोडणारे विकर मिळवले. मात्र त्याला व्यापारी महत्त्व आले ते १९५७ नंतर, जेव्हा हवाईतील संशोधक हायनिकी आणि गॉर्टनर यांनी दाखवून दिले की, फळ काढल्यावर शेतात वाया जाणाऱ्या खोडातच ते मुबलक असते. आज बाजारात मिळणारे ब्रोमेलेन मुख्यतः खोडाचेच असते.

त्याचे काम आपल्या स्वयंपाकघरातही दिसते. कच्च्या अननसाच्या फोडी श्रीखंडात घातल्या, तर काही तासांत ते सैल पडून कडवट लागू लागते, कारण दुधातील प्रथिनांचे तुकडे पडतात आणि त्यांतले काही कडू असतात; फोडी आधी साखरेत शिजवून घेतल्या की उष्णतेने विकर निकामी होते आणि श्रीखंड बिघडत नाही. हीच नाजूक प्रकृती कारखान्यात आडवी येते. खोड सोलून काढलेला रस ताबडतोब थंड करावा लागतो, गाळून त्यातले विकर वेगळे करावे लागते आणि कमी तापमानात वाळवावे लागते. उशीर झाला तर विकर स्वतःलाच पचवत जाते. खरेदीदार पैसे देतो ते भुकटीच्या वजनापेक्षा तिच्या क्रियाशीलतेचे.

खोडातल्या याच विकरांपासून तयार केलेले नेक्सोब्रिड नावाचे औषध भाजलेल्या जखमेवरची मृत त्वचा शस्त्राविना काढून टाकते. त्याला युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. शेतात सडणाऱ्या खोडापासून जळालेल्या रुग्णाच्या खाटेपर्यंतचा हा प्रवास मला फार मोलाचा वाटतो. पण तो घरगुती उद्योग नव्हे. जवळपास खोडे घेणारा प्रक्रिया कारखाना नसेल, तर या वाटेला आपण जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागादोरा

कापडाची गोष्ट खरी आहे आणि जुनीही आहे. फिलिपिन्समधील आक्लान प्रांतात रेड स्पॅनिश जातीच्या पानांवरून फुटक्या चिनी मातीच्या बशीची कड दाबून ओढतात. वरचा हिरवा गर निघून जातो आणि खालचे तंतू मोकळे होतात. ते धुऊन, वाळवून, एकेक तंतू गाठीने जोडत सूत तयार करतात. या हातमाग विणकामाचा समावेश युनेस्कोने २०२३ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला.

आपल्याला मात्र हिशेब पाहावा लागेल. ताज्या पानाच्या वजनात तंतू जेमतेम दोन ते तीन टक्के भरतो, म्हणजे एक टन पानांतून वीस ते तीस किलो. त्या तंतूत सेल्युलोजचे प्रमाण मोठे असल्याने तो बळकट आणि चमकदार असतो. परंतु पाने ताजी असतानाच खरवडावी लागतात, सुकली की गर तंतूला चिकटून बसतो. कोलकात्याच्या नैसर्गिक तंतू संस्थेने पाने खरवडण्याचे यंत्र विकसित केले आहे, तेव्हा हाताने खरवडण्याची गरज नाही. स्पॅनिश डिझायनर कार्मेन इहोसा यांनी आणलेल्या पिन्यातेक्स या चामड्याच्या पर्यायात तंतू न विणता जमवून दाबतात. मात्र त्यात मक्यापासून मिळणारे पॉलिलॅक्टिक आम्ल आणि वरून राळेचा थरही असतो, म्हणून तो पदार्थ निव्वळ पानांचा आहे असे समजू नये.

गोठ्याचा डॉक्टर

सर्वात आधी एक सावधगिरीची सूचना. ताज्या अननसाच्या निर्यातीत जगात अग्रेसर असलेल्या कोस्टा रिकामध्ये शेतात कुजणाऱ्या अननसाच्या अवशेषांत जनावरांचे रक्त पिणारी माशी अतोनात वाढते आणि तिच्या चावण्याने आसपासच्या गाई बेजार होऊन दूध घटते. आपला ढीग गोठ्याजवळ असेल, तर तो आधी हलवावा.

तुरे आणि साले यांचा मात्र चांगला मुरघास (हवाबंद ठेवून आंबवलेला चारा) होतो; बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रिया संस्थेने यावर काम केले आहे. साले फार पाणीदार असल्याने तुरे बारीक कापून त्यांत मिसळावेत आणि मिश्रण थोडे सुकू द्यावे. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला आणि बोटांतून रस ठिबकला नाही, की ओलावा योग्य समजावा. मग पिंपात थरावर थर दाबून हवाबंद करावे. साधारण तीन आठवड्यांनी उघडल्यावर आंबटगोड वास यायला हवा. कुजका वास आला, तर तो जनावरांना मुळीच घालू नये. सुरुवात थोड्याने करावी, आणि नुकतीच फवारणी झालेल्या फळांची साले वापरू नयेत.

जीवरसायन

पाने लवकर का वाळत नाहीत, हे सांगायचे राहिले. अननसाची पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) दिवसा मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठवला जातो. वरून मेणचट थर असतोच. त्यामुळे कापलेले पानही आपले पाणी सहजासहजी सोडत नाही. कंपोस्ट करायचे असेल, तर पाने यंत्रात बारीक करून शेणकाल्यात भिजवल्याशिवाय कुजण्याला वेग येणार नाही.

सुपारीवाला, दोडामार्ग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पाच झाडे उपटून, माती झाडून वजनकाट्यावर ठेवली. पाने सरासरी दोन किलो भरली आणि सोललेले खोड जेमतेम चारशे ग्रॅम. आमच्याकडे सुमारे तीन हजार झाडे आहेत, म्हणजे पाने सहा टन आणि वर सांगितलेल्या प्रमाणाने तंतू १२० ते १८० किलो. एवढ्यासाठी एकट्याने यंत्र घेणे परवडणार नाही. परंतु आसपासच्या चार-पाच बागांची झाडे याच हंगामात निघणार आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलून एकत्र यंत्र आणता येते का, हे पाहतो. खोडे आणि खरवडून उरलेला गर बारीक करून कंपोस्टमध्ये घालीन. साले आणि तुरे यांचे पहिले पिंप आज दुपारी भरले असून त्यावर तारीख लिहून ठेवली आहे. बांधावरचा जुना ढीगही उद्या गोठ्यापासून दूर हलवतो आहे.